वायर काढल्यावर

विबेके थोरलुंड हिने बावीस वर्षांत एकदाही केक आणला नव्हता.

कारखान्यातली रीत अशी, की ज्याच्या हातून चूक होईल त्याने येत्या शुक्रवारी केक आणायचा. तोही घरी भाजलेला, विकतचा चालत नसे. सकाळच्या कॉफीला कँटीनमध्ये उभं राहायचं, आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची, सुरी चालवायची, आणि त्यानंतर त्या चुकीबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. स्टोअरच्या माणसाने एकदा चारशे पाती उलट्या वळणाची मागवली होती, त्याचा केक सगळ्यांनी खाल्ला. साहेब हेनिंग याने एका गिऱ्हाइकाबद्दलचं खवचट पत्र चुकून त्याच गिऱ्हाइकाला धाडलं होतं, त्याचाही खाल्ला. विबेके प्रत्येकाचा केक चवीने खायची. "माझा केक खायचा असेल तर मी म्हातारी होईपर्यंत थांबा," असं वर म्हणायची. ते खोटं नव्हतं, म्हणून लोकांना जास्त झोंबायचं.

कारखाना सालिंगमधला, फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या लांब खाडीच्या, काठावरचा. तिथे डुकरांच्या शेडसाठी पंखे बनतात. शेडच्या छपरात हवेचं धुराडं असतं आणि त्यात पंखा. तो आतली कोंदट हवा वर ओढून बाहेर टाकतो. पंख्याच्या मोटरीत चुंबक असतात आणि विजेने त्यांना पुढेपुढे ओढायचं असतं. पण चुंबक या क्षणी नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय ओढणार कसं? डोळ्यांवर पट्टी बांधून झोपाळ्याला झोका देण्यासारखं आहे ते. वेळ चुकली की झोपाळा आपल्याच तोंडावर. म्हणून मोटरीच्या मागे एक सेन्सर बसवतात, तो चुंबकाची जागा सांगत राहतो. डुकरांच्या मुताच्या वाफेत हा सेन्सर दोन वर्षांत सडतो, आणि सडला की पंखा बंद.

विबेकेने सेन्सरच काढून टाकला. फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज निर्माण करते. त्या विजेच्या चढउतारावरून चुंबक कुठे आहे आणि किती वेगाने फिरतोय, हे तिचा प्रोग्राम हिशेबाने ताडायचा. दोन वर्षं ती याच्या मागे होती. लॅबमधल्या पंख्यावर मात्र सेन्सर ठेवलेला होता, फक्त पडताळ्यासाठी. सेन्सरची रेघ निळी, विबेकेच्या अंदाजाची लाल. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसायच्या, की दिसायची एकच जांभळी. त्या आलेखाची चौकट करून तिने भिंतीवर लावली होती.

"इतकं जुळतं होय?" चाचणी लॅबमधला त्रोएल्स एकदा ती चौकट न्याहाळत म्हणाला होता. त्रोएल्स पन्नाशी उलटलेला, जाड बोटांचा, फार न बोलणारा. कारखान्यातला प्रत्येक पंखा त्याच्या हाताखालून जायचा. "माझ्या दोन घड्याळांचंसुद्धा इतकं जुळत नाही."

"चांगली घड्याळं घे," विबेके म्हणाली.

तिचं बोलणं असंच. त्रोएल्स काही मनाला लावून घेत नाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी तिला डुकरं पाळणाऱ्या तागे होयरुप याचा फोन आला. नव्या बिनसेन्सरच्या पंख्यांपैकी पहिले सहा त्याच्या शेडवर बसवले होते. दोन महिने ते बिनबोभाट चालले होते, आणि त्या भरवशावर सहाशे चाळीस पंखे गुरुवारी हॉलंडला निघायचे होते.

"विबेके, तुझा एक पंखा जरा रुसलाय," तागे म्हणाला.

सालिंगचा माणूस घराला आग लागली तरी 'आज जरा ऊब आहे' एवढंच म्हणेल. हे विबेकेला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती बटाट्याच्या वाफ्यातून उठून उभी राहिली.

"रुसलाय म्हणजे?"

"सकाळी सव्वानऊला पाच मिनिटं वीज गेली. परत आल्यावर पाच पंखे सुरू झाले, सहाव्या कप्प्यातला झाला नाही. मोबाइलवर धोक्याचा संदेश आला होता म्हणे. पण भावाच्या मुलीच्या कन्फर्मेशनचा विधी होता, मी चर्चमध्ये होतो. पाद्री फोन बंद करायला लावतो."

"मग?"

"मग जेवण होतं, भाषणं झाली, गाणी झाली. दोन वाजता घरी आलो. एकोणीस डुकरं गेली."

त्यावर विबेके जे बोलली त्याची तिला पुढे आठवडाभर लाज वाटत राहिली. ती म्हणाली, "पंखा नीट बसवला नसेल. बसवणाऱ्यांनी वायरी उलटसुलट जोडल्या असतील."

"असेल," तागे म्हणाला. "उद्या येऊन बघ."

सोमवारी सकाळी ती आणि त्रोएल्स कारखान्याची गाडी घेऊन निघाले. गाडी त्रोएल्स चालवत होता. पश्चिमेचा वारा दोन दिवस थांबला नव्हता, रस्त्याकडेची मोहरी सगळी एका कुशीला झोपली होती. वाटभर विबेके बोलत होती. वायरिंग सैल असेल, पंखा चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये पाणी गेलं असेल, विजेचा झटका बसला असेल. त्रोएल्स "हं" म्हणत होता. नेहमीपेक्षाही गप्प होता, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

तागेने त्यांना निळे डगले आणि रबरी बूट दिले. सहावा कप्पा धुऊन काढलेला होता आणि रिकामा होता. उरलेली डुकरं शेजारच्या कप्प्यात हलवली होती, तिथून त्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"पाचांना काय झालं नाही आणि यालाच काय झालं?" विबेकेने विचारलं.

"हा पश्चिमेच्या टोकाला," तागे म्हणाला. "बाकीच्यांना धान्याच्या कोठ्यांचा आडोसा आहे. याला सरळ समुद्राचं वारं लागतं."

तिने वर पाहिलं. बंद पंख्याची पाती हळूहळू फिरत होती, उलटी. धुराड्यातून वारा आत शिरत होता आणि पात्यांना आपल्या मर्जीने फिरवत होता.

"चालू कर," ती म्हणाली.

त्रोएल्सने खटका दाबला. वर 'खट्' झालं, पाती थरथरली आणि पुन्हा उलटी फिरू लागली. आणखी एक 'खट्'. तिसऱ्यांदा 'खट्', आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. तीन प्रयत्न फसले की मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर स्वतःला कुलूप लावून घेतो. ती अक्कलही विबेकेनेच त्याच्यात घातली होती.

मग त्रोएल्सने शिडीवर चढून, जाड हातमोजा घालून पाती धरली. ती पूर्ण थांबल्यावर हात काढला, आणि तागेने लगेच खटका दाबला. पंखा लोण्यासारखा सुरू झाला.

वायरिंग ठीक होतं. पाणीबिणी काही नव्हतं. स्थिर पंखा सुटत होता, म्हणजे चालू लागत होता, आणि वाऱ्याने हळू उलटा फिरणारा पंखा सुटत नव्हता.

"पण हे मी लॅबमध्ये शंभर वेळा केलंय!" विबेके म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "समोरून दुसऱ्या पंख्याचा वारा सोडून, उलटं फिरवून. शंभरपैकी शंभर वेळा सुटलाय."

"तुझ्या लॅबमध्ये डुकरं नव्हती," तागे म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुपारी लॅबमध्ये तिने तोच प्रयोग पुन्हा लावला. समोर मोठा पंखा ठेवून वारा सोडला, चाचणीचा पंखा हळू उलटा फिरायला लागला, तिने सुरू केला. सुटला. दहा वेळा केलं, दहाही वेळा सुटला. पडद्यावर तीच जांभळी रेघ. विबेकेने कपाळ चोळलं. एकच प्रोग्राम, एकच मोटर, तिथे एका तऱ्हेने वागते आणि इथे दुसऱ्या. असं होत नसतं. यंत्राला सासर-माहेर नसतं.

त्रोएल्स पंख्यामागे उभा होता. तो म्हणाला, "वायर काढून बघू?"

"कुठली?"

"सेन्सरची."

"ती नुसती बघायला आहे. तिचा चालवण्याशी काय संबंध?"

"नसेल तर काढायला काय हरकत आहे?"

त्याने वायर उपटली. विबेकेने बटण दाबलं. खट्. खट्. खट्. लाल दिवा.

ती पडद्यासमोर बसली आणि प्रोग्राम वरपासून वाचू लागली. चारशे बाराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. दोन वर्षांपूर्वी, काम अगदी कच्चं असताना, सुरुवातीची जागा आणि वेग तिने सेन्सरवरून उचलला होता, म्हणजे बाकीचं तरी तपासता येईल. ओळीपुढे तिच्याच हातची नोंद होती, 'तात्पुरतं'. ती ओळ काढायची राहून गेली. सुटण्याच्या क्षणी तिचा अंदाज सेन्सरकडे बघून उत्तर लिहीत होता आणि मग त्याच सेन्सरशी स्वतःला ताडून बघत होता. रेघा जुळणार नाहीत तर काय होणार? तागेच्या शेडवर सेन्सर नव्हता, म्हणून तिथे प्रोग्रामला कायम शून्य दिसायचं. पंखा स्थिर असेल तर शून्य चालून जायचं. उलटा फिरत असेल तर नाही.

मोटरी चालवणाऱ्यांखेरीज ही चूक कुणाला सुचणारही नाही. डोळे मिटून वाट शोधून दाखवते म्हणायचं, आणि बोट मात्र कुणाचं तरी धरून ठेवायचं.

विबेकेचे कान तापले. या चौकटीसमोर तिने हॉलंडहून माल बघायला आलेल्या डच लोकांना उभं केलं होतं, फोटो काढू दिले होते.

मंगळवारी सकाळी ती हेनिंगच्या खोलीत गेली आणि दार लावून सगळं सांगितलं. हेनिंग विक्री खात्यातून साहेब झालेला, गोरा, गुबगुबीत, कुणालाही नाही म्हणताना त्याच्या पोटात दुखायचं.

"सहातले पाच सुटले ना?" तो म्हणाला. "दोन महिने चालले ना? गुरुवारचा माल जाऊ दे. तू सावकाश दुरुस्त कर, मग सगळ्यांना नवा प्रोग्राम धाडू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"हॉलंडमध्ये वारा नाही का?"

"विबेके, दोष लगेच तुझ्यावर येईल. तुझं नाव आहे या पंख्यावर. जरा विचार कर."

तिने रात्रभर विचार केलाच होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पहाटे तीनच्या सुमाराला तिलाही ही झाकली मूठ फार आवडली होती. कुणाला कळणार होतं? ती ओळ तिला एकटीलाच माहीत होती, आणि एका त्रोएल्सला. पण सकाळी दात घासताना तिला तो धुतलेला कप्पा आठवला आणि फेसासकट गिळावं लागलं.

"माल थांबव," ती म्हणाली. "नाहीतर हॉलंडला मीच फोन करते. आणि तागेला मी स्वतः जाऊन सांगणार आहे, बसवणाऱ्यांचा दोष नव्हता म्हणून."

माल थांबला. बुधवार आणि गुरुवार ती घरी फक्त झोपायला गेली. गुरुवारी दुपारी तिला वाट सापडली. सुरू करण्याआधी मोटरीची तिन्ही टोकं क्षणभर एकमेकांना जोडायची. पंखा फिरत असेल तर त्या क्षणात प्रवाह उमटतो, आणि तो कुठल्या बाजूने कसा चढतो यावरून पंखा किती वेगाने, कुठल्या दिशेने फिरतोय ते कळतं. सेन्सरची वायर काढून टाकून तिने तीस वेळा करून पाहिलं. तीसही वेळा सुटला. पडद्यावर लाल रेघ एकटीच होती, थोडी वेडीवाकडी, पण स्वतःच्या पायावर. विबेकेला बरं वाटलं. कितीही झालं तरी दोन दिवसांत उत्तर काढणारी बाई कारखान्यात एकच आहे, असंही मनात येऊन गेलं. जित्याची खोड.

घरी जाऊन तिने केक भाजला. खोबरं आणि काळी साखर वर लावलेला, आईच्या पद्धतीचा. सवय नव्हती, मधोमध खड्डा पडला.

शुक्रवारी कँटीनमध्ये बत्तीस माणसं जमली. विबेके केक आणणार ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती, पॅकिंगमधली दोघंजणं तर सुट्टी असून आली होती. "अरे, खरंच आणलाय की!" कुणीतरी म्हणालं. "मध्ये खड्डा का गं? सेन्सर काढलास वाटतं?" सगळे हसले. विबेकेही हसली, जरा कष्टाने.

ती उभी राहिली. "माझी चूक अशी," ती म्हणाली. "ओळ चारशे बारा. तात्पुरती म्हणून घातली आणि काढायला विसरले. वायर काढून एकदाही बघितलं नाही. त्यामुळे तागेची एकोणीस डुकरं गुदमरून मेली, आणि मी आधी दोष दुसऱ्यांवर ढकलला. एवढंच." तिने सुरी चालवली. लोकांनी ताटल्या पुढे केल्या. कुणी काही बोललं नाही, रीतच तशी होती.

ताटली घ्यायला त्रोएल्स आला नाही. तो स्वयंपाकघराच्या बाजूने आला, आणि त्याच्या हातात दुसरा केक होता. साधा, लिंबाचा, छान फुगलेला. त्याने तो टेबलावर विबेकेच्या केकशेजारी ठेवला आणि उभाच राहिला.

"माझीही आहे," तो म्हणाला. "नऊ मार्चला मी वायर काढून बघितली होती. संध्याकाळी, सगळे गेल्यावर. उलट्या वाऱ्यात तीनदा सुटला नाही. कागदावर लिहिलं, आणि कागद खणात टाकला. सांगितलं नाही. पंखे तागेकडे गेले तेव्हाही नाही. ती माझी चूक."

त्याने सुरी घेतली आणि केक कापला.

हेनिंगचा चेहरा लालबुंद झाला. "मार्चपासून तुला माहीत होतं? आणि तू..."

"हेनिंग," विबेके म्हणाली, "केक कापलाय."

हेनिंगने ताटली पुढे केली. विबेकेच्या मनात मात्र काहूर उठलं होतं. पहिल्यांदा आला तो संताप. मार्चपासून! सोमवारी गाडीत ती बडबडत होती तेव्हाही याला माहीत होतं. एकोणीस जीव गेले आणि हा हं हं करत होता. पण या माणसाने तीस वर्षांत एक सैल नट लपवला नव्हता. याने हे का लपवावं?

"तो कागद आहे अजून?" तिने विचारलं.

चुकीबद्दल बोलायचं नाही ही रीत, पण कागद मागायचा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. त्रोएल्सने छातीच्या खिशातून घडी काढून तिच्या हातात दिली. चौकटींच्या वहीतलं पान, पेन्सिलीची ठसठशीत अक्षरं. वर तारीख, नऊ मार्च. खाली, 'सेन्सरची वायर काढली. उलटा वारा. तीन वेळा सुटला नाही. लाल दिवा.' आणि त्याखाली, 'तिन्ही टोकं एकत्र जोडली तर हाताने फिरवताना दांडा जड लागतो. म्हणजे आत प्रवाह उमटतो. त्यावरून आधी कळेल का, फिरतोय की नाही आणि कुठे? उद्या विबेकेला विचारायचं.'

शेवटच्या ओळीवर काट मारलेली होती, कागद फाटेल इतकी जोरात.

विबेकेने ते पान दोनदा वाचलं. गुरुवारी तिला सापडलेली वाट या पानावर अडीच महिने आधी लिहून पडली होती. आणि दहा मार्च तिला आठवला. डच पाहुणे आले होते, चौकटीसमोर उभे होते, ती रंगात येऊन समजावून सांगत होती. त्रोएल्स मागून पुढे आला होता, खिशात हात घालून. "विबेके, एक विचारू?" असं काहीतरी म्हणाला होता. आणि ती पाहुण्यांकडे बघून म्हणाली होती, "त्रोएल्स, तू स्क्रू आवळ, डोकं चालवायला मी आहे." पाहुणे खूप हसले होते. तीही हसली होती.

तिने तो कागद हातातच धरून ठेवला.

"मघाशी मी चूक सांगितली ती अर्धीच होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ओळ काय, कुणाच्याही हातून राहते. दहा मार्चला हा मला काहीतरी विचारायला आला होता. पाहुण्यांसमोर मी याला हसण्यावारी नेलं, तुमच्यातले पाचसहा जण तिथे होते." ती त्रोएल्सकडे वळली. तिने विचारलं, "तेव्हा काय विचारणार होतास?"

त्रोएल्सने तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"हेच," तो म्हणाला.